अ‍ॅम्बेसेडरच्या पेडलचे सैल रबर : चिकटवावे, की खालची पाटीच दुरुस्त करावी?

वावरवाला

नमस्कार मंडळी. वणी तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांनी घेतलेली १९७४ सालची मार्क २ अ‍ॅम्बेसेडर आजही चालू स्थितीत आहे. कापसाच्या हंगामात बाजार समितीपर्यंत आणि लग्नसराईत पांढरकवडा, यवतमाळपर्यंत तिचे जाणे-येणे असते. इंजिनाची आणि ब्रेकची कामे वेळच्या वेळी होतात, पण ब्रेक पेडलच्या रबराने सध्या फार त्रास दिला आहे. जुने रबर चिरले होते म्हणून नागपूरहून क्लच आणि ब्रेक या दोन्हींची नवी रबरे आणली. क्लचचे रबर ठीक बसले. ब्रेकचे मात्र पहिल्या दिवसापासून सैल आहे आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलून ब्रेकवर आणला की त्याची उजवी कड पेडलच्या लोखंडी पाटीवरून निसटते.

मागच्या महिन्यात चौफुलीवर समोर कापसाने भरलेली ट्रॉली आडवी आली तेव्हा जोरात ब्रेक दाबताना रबर पायाखाली अर्धे फिरले. गाडी थांबली, पण त्यानंतर हा विषय पुढे ढकलण्यासारखा राहिला नाही. हिवाळ्यात बाजारातले नेहमीचे पिवळे चिकटद्रव्य लावले होते, त्याने फेब्रुवारीपर्यंत काम दिले आणि एप्रिलच्या उन्हात गाडी दुपारभर बाहेर उभी राहिल्यावर रबर पुन्हा हातात आले.

गावातला वेल्डर म्हणतो की पाटीच्या कडेला वेल्डिंगची रेघ ओढून पाटी मोठी करू. माझा मेहुणा म्हणतो की आरपार दोन स्क्रू मारून मोकळे व्हा. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यावे, म्हणून हा धागा काढला आहे.

जुना गिअर

भाऊ, चिकटवणे हा उपाय वाईट नाही, पण तो नीट केलेला क्वचित दिसतो. बहुतेक लोक रबर आहे तसेच ठेवतात, पाटीवर चिकटद्रव्याचा जाड थर देतात, लगेच दाबतात आणि गाडी घेऊन निघतात. कॉन्टॅक्ट प्रकारचे चिकटद्रव्य दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावायचे असते, हाताला चिकटेनासे होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवायचे असते आणि मग एकदाच, सरकवासरकव न करता जोरात दाबायचे असते. त्याआधी पाटीवरचा गंज आणि जुना रंग काढून लोखंड पॉलिश पेपरने घासावे आणि रबराची आतली बाजूही खरबरीत करावी, कारण साच्यातून काढताना लावलेला निसरडा थर नव्या रबरावर राहिलेला असतो आणि कोणतेही चिकटद्रव्य त्यावर धरत नाही.

माझ्या फियाटवर हीच पद्धत वापरली आणि रबर आजवर हललेले नाही. आपण पाटी घासली होती का?

निवृत्त फोरमन

वावरवाले भाऊ, जुना गिअर यांनी सांगितलेली रीत बरोबर आहे, पण माझ्या मते प्रश्न चिकटद्रव्याचा नाहीच. हे रबर चिकटवून बसवण्यासाठी बनवलेलेच नसते. त्याला मागच्या बाजूने चारही अंगांनी आत वळलेली कड असते आणि ती ताणून पाटीवर चढवली की रबर स्वतःच्या ताणाने पाटीला धरून राहते. कारखान्यातून निघालेल्या गाडीत ते असेच बसवले जाई. त्यामुळे रबर सैल असेल तर त्याचा अर्थ एकच, की पाटीचा आकार आणि रबराच्या आतली पोकळी यांच्यात जो ताण असायला हवा तो उरलेला नाही. तो का उरला नाही, हे आधी शोधावे. चिकटद्रव्य त्यानंतरची गोष्ट आहे.

याची कारणे माझ्या पाहण्यात तीन आली आहेत. एक म्हणजे पाटीच झिजलेली असते. रबर फाटल्यावरही वर्षानुवर्षे गाडी चालवली तर बुटाच्या तळव्याने लोखंड घासले जाते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बुटाला लागलेली काळी माती रबर आणि पाटीच्या मध्ये शिरून ओल धरून ठेवते, म्हणून कडा गंजाने पातळ होतात. आपल्या गाडीत पेडलचे दांडे फरशीतून वर येतात, त्यामुळे खालूनही ओल येते. ब्रेकच्या पाटीची उजवी कड सर्वांत आधी जाते, कारण उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून सरकत येऊन प्रत्येक वेळी तिथेच पहिल्यांदा टेकतो. तुमचे रबर उजवीकडूनच निसटते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून मला पहिला संशय याच गोष्टीचा आहे.

दुसरे कारण रबराचे माप. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन उत्तरपाऱ्याला २०१४ सालीच थांबले. आज जी रबरे मिळतात त्यांतली बरीचशी जुन्या रबरावरून साचा काढून बनवलेली असतात, आणि साचा काढताना नमुना म्हणून घेतलेले रबर आधीच ताणलेले असेल तर नवे रबर जन्मतःच मोठे होते. तिसऱ्या कारणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तेलकट हातांनी किंवा ग्रीस लावून रबर चढवले असेल तर ते काही दिवसांत फुगून मोठे होते.

तेव्हा आधी रबर काढा, पाटी स्वच्छ करा आणि व्हर्नियर कॅलिपरने चारही कडांची जाडी मोजा. डावी आणि उजवी बाजू ताडून पाहा. क्लचच्या पाटीचे मापही घ्या, कारण तिचे रबर नीट बसले आहे, म्हणजे ती तुमच्या हाताशी असलेली चांगली पाटी आहे. मग बोलू.

रबर-रसायन

फोरमन साहेबांच्या तिसऱ्या मुद्द्यात भर घालतो. माझा व्यवसाय रबराच्या मिश्रणांशी संबंधित आहे.

नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते. इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल, पेट्रोल यांपैकी काहीही त्यात मुरले की ते मऊ आणि मोठे होते, आणि नंतर पुसून वाळवले तरी मूळ मापावर पुरते परत येत नाही. शेतावरून येताना ट्रॅक्टरचे तेल लागलेल्या बुटांनी हे रोज थोडे थोडे घडत असते. ब्रेक ऑइलची गोष्ट वेगळी आहे. डीओटी ३ किंवा ४ हे ग्लायकोलचे द्रव असल्यामुळे नैसर्गिक रबराला ते तितका त्रास देत नाहीत, मात्र पाटीवरचा रंग ते उखडतात आणि त्यामुळे गंजाला वाट मिळते.

दुसरी बाब चिकटण्याची आहे. बाजारातली काही नवी रबरे ईपीडीएम प्रकारच्या रबराची असतात. ऊन आणि ओझोन यांच्यासमोर हे रबर फार टिकाऊ असते, पण साध्या कॉन्टॅक्ट चिकटद्रव्याला ते दाद देत नाही. फियाटवर जे टिकले ते बहुधा नैसर्गिक किंवा निओप्रीन रबर असावे. तुमचे रबर ईपीडीएम असेल तर पृष्ठभाग कितीही घासला तरी जोड कमकुवतच राहील.

तिसरी बाब उष्णतेची. मे महिन्यात वणी-चंद्रपूर पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवीन नाही, आणि अशा दिवशी काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आतले तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. साधे कॉन्टॅक्ट चिकटद्रव्य याच सुमारास मऊ पडू लागते. हिवाळ्यात टिकलेला जोड एप्रिलमध्ये सुटला याचे मला आश्चर्य वाटले नाही. झटपट चिकटणारे सायनोअ‍ॅक्रिलेटही इथे वापरू नये. ते रबराला लगेच धरते, पण त्याचा थर काचेसारखा ठिसूळ होतो आणि पेडलचे रबर प्रत्येक दाबाला वाकते, त्यामुळे तो तडकतो. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंट तर मुळीच नको, त्यातून निघणारे आम्ल पाटी गंजवते.

वावरवाला

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी रबर काढले आणि पाटी तारेच्या ब्रशने घासून मोजली.

फोरमन काकांचा अंदाज बरोबर निघाला. ब्रेकच्या पाटीच्या डाव्या कडेची जाडी आणि क्लचच्या पाटीची जाडी जवळपास सारखी आहे. ब्रेकची उजवी कड मात्र त्यांच्यापेक्षा साधारण १ मिमीने पातळ आहे आणि तिचा खालचा कोपरा गोल झिजला आहे. तो कोपरा बोटाने चाचपला तर सुरीच्या पात्यासारखी धार लागते. पाटीची रुंदीही क्लचपेक्षा कमी भरते, म्हणजे कड बाहेरूनही खाल्ली गेली आहे. रबर काढले तेव्हा त्याच्या उजव्या खोबणीत काळ्या मातीची वाळलेली वडी होती.

रबराचीही तपासणी केली. नवे ब्रेकचे रबर क्लचच्या पाटीवर चढवून पाहिले, तर तिथे ते घट्ट बसले. म्हणजे रबर ठीक असून दोष पाटीत आहे, असे मी समजतो.

आता पाटी भरून काढायची असेल तर वेल्डिंगच करावे लागेल का? वेल्डरने हे काम यापूर्वी केलेले नाही. तो मुख्यतः वखराच्या पासा आणि ट्रॉलीच्या साखळ्या जोडतो.

वखर-वेल्डर

मी राळेगाव भागात वेल्डिंग करतो आणि ट्रॅक्टरची पेडले बरीच भरली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

शक्य असेल तर पेडल गाडीतून काढूनच काम करावे. गाडीत ठेवून करायची वेळ आलीच तर बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्यात, फरशीवरची मॅट आणि नमदा पूर्ण काढावा, खाली आणि मागे ओले गोणपाट लावावे आणि एक माणूस पाण्याची बादली घेऊन शेजारी उभा करावा. जुन्या गाडीच्या फरशीवर वर्षानुवर्षांचे तेल आणि धूळ बसलेली असते, शिवाय अ‍ॅम्बेसेडरमध्ये ब्रेकचा मास्टर सिलिंडर फरशीखालीच असतो. ब्रेक ऑइल पेट घेते, हे विसरू नये.

अर्थिंगचा चिमटा पाटीलाच लावावा. तो चेसीला लावला तर करंट पेडलच्या बुशमधून जातो आणि बुशवर ठिणग्यांचे खड्डे पडतात. हे माझ्यासमोर एका गाडीत घडले होते आणि त्यानंतर पेडल कुरकुरू लागले.

रॉड २.५ मिमीचा, ६०१३ प्रकारचा चालतो. करंट कमी ठेवावा. एका दमात पूर्ण रेघ ओढू नये, कारण पाटी पातळ असते आणि एका बाजूने तापली की वाकते. एक सेंटिमीटरचा टाका मारावा, थांबावे, दुसऱ्या टोकाला टाका मारावा, पुन्हा थांबावे, असे करत कड भरावी. कड गरजेपेक्षा थोडी जास्त भरावी आणि मग ग्राइंडरने व कानसीने क्लचच्या पाटीच्या मापावर आणावी. वेल्डिंगवर लगेच पाणी ओतू नये, ते आपोआप गार होऊ द्यावे. एकदम गार केले तर जोड कडक आणि ठिसूळ होण्याचा धोका असतो.

कामात रेघेची धार राहता कामा नये. रबराची आतली कड या धारेवर बसते, म्हणून शेवटी कानसीने सर्व कडा बोटाला बोचणार नाहीत इतक्या गोल कराव्यात. बऱ्याच जणांचे नवे रबर महिन्याभरात फाटते ते इथेच.

काटेकोर

वखर-वेल्डर दादांची माहिती उत्तम आहे, पण एक मर्यादा स्पष्ट असावी. हे वेल्डिंग फक्त पाटीच्या कडेपुरते असावे. पाटी आणि दांडा जिथे जोडलेले असतात त्या सांध्याला आणि दांड्याला हात लावू नये. आणीबाणीच्या क्षणी माणूस अंगातले सगळे बळ त्या सांध्यावर टाकतो. तिथे तडा दिसला तर गावातल्या वेल्डिंगने भागवू नये, पेडलच बदलावे.

ज्यांना विजेचे वेल्डिंग नको असेल त्यांच्यासाठी पितळेचा डाख हा पर्याय आहे. गॅसच्या ज्योतीने कड तापवून पितळेची सळई वितळवून भरली तर लोखंड वितळण्याइतके तापत नाही, पातळ कड जळून जाण्याची भीती कमी होते आणि नंतर कानसीने आकार देणेही सोपे जाते. मात्र त्यासाठी पाटी पूर्ण चकचकीत स्वच्छ लागते आणि पेडल गाडीतून काढावेच लागते.

भर-दुपार

एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे पाटी आणि रबर यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी घालतात आणि वरून बारीक तार आवळतात. काम होऊन जाते.

निवृत्त फोरमन

भाऊ, ट्यूबची पट्टी घालणे हा तात्पुरता उपाय म्हणून मी मान्य करतो. सायकलच्या ट्यूबची जाडी साधारण १ मिमी असते आणि पाटीच्या कडेभोवती ती गुंडाळून पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवली तर रबराला तेवढा ताण मिळतो. प्रवासात रबर सैल झाले आणि घरी पोहोचायचे असेल तर हे करावे. मात्र पट्टी पाटीच्या समोरच्या तोंडावर घालू नये, फक्त कडेला आणि मागच्या बाजूला असावी, कारण समोर दोन मऊ थर एकमेकांवर आले की ब्रेक दाबताना वरचे रबर खालच्या थरावर सरकते आणि मूळ दोष वाढतो.

तारेला मात्र माझा ठाम विरोध आहे. तार रबरात रुतून त्याला कापते, तिचे टोक सुटून पँटच्या काठात किंवा चपलेच्या पट्ट्यात अडकते, आणि पाय ब्रेकवरून उचलायचा असताना उचलत नाही. स्क्रूबद्दलही तेच. पाटीला भोके पाडली की ती कमजोर होते, स्क्रूची डोकी रबराच्या वर आली तर ओल्या बुटाखाली निसरडी होतात आणि खाली बुडवली तर त्यांच्याभोवती रबर फाटते. वावरवाले भाऊंच्या मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा आणि ड्रिल मशीन त्यांच्यापासून लांब ठेवा.

याला नुसती हौशी काटेकोरपणाची बाब समजू नये. ब्रिटनमध्ये गाड्यांची जी वार्षिक एमओटी तपासणी होते तिच्यात ब्रेक पेडलवरचे घसरण रोखणारे आवरण नसणे, सैल असणे किंवा झिजून गुळगुळीत होणे हा दोष म्हणून नोंदवला जातो. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना निरीक्षक तिकडे पाहो अथवा न पाहो, पाय आपलाच असतो.

पुसदचा पाहुणा

माझ्या गाडीचे रबर कोणत्याही दुकानात मिळाले नाही, म्हणून मी पाटीवर कागद ठेवून पेन्सिलने कड घासून छाप काढली, ती पुठ्ठ्यावर कापली आणि तो पुठ्ठा घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने गाडीचे नाव विचारून डबे काढण्याऐवजी ट्रॅक्टर, टेम्पो, जीप यांच्या रबरांचा ढीगच समोर टाकला आणि त्यातले एक पुठ्ठ्यावर बरोबर बसले. गाडीच्या नावापेक्षा मापावर विश्वास ठेवावा, विशेषतः जी मॉडेले कधीच बंद झाली त्यांच्या बाबतीत. दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या बाजारातून टपालाने मागवण्यापूर्वी हे करून पाहावे.

माझा प्रश्न असा आहे की ज्यांना कुठेच रबर मिळत नाही, त्यांना ते नव्याने बनवून घेता येते का?

रबर-रसायन

येते. बुटीबोरी किंवा हिंगणा औद्योगिक वसाहतीत रबराचे साचेकाम करणाऱ्यांकडे चौकशी करावी. एका जोडीसाठी साचा परवडत नाही, त्यामुळे त्याच मॉडेलचे चार-सहा मालक एकत्र आले तर खर्च वाटून घेता येतो.

ऑर्डर देताना जुने रबर नमुना म्हणून देऊ नका, नाहीतर फोरमन साहेबांनी सांगितलेला दोष तुमच्याही नशिबी येईल. पाटीचे माप द्या आणि पोकळी पाटीपेक्षा प्रत्येक दिशेला एक ते दोन मिमी लहान ठेवायला सांगा. कडकपणा ६० ते ७० शोअर ए असावा, म्हणजे साधारण टायरच्या वरच्या थराइतका. यापेक्षा मऊ घेतले तर बसवायला सोपे जाते पण कड लवकर ढिली पडते, आणि फार कडक घेतले तर ते चढवताना फाटते.

वावरवाला

काम झाले, म्हणून सविस्तर कळवतो.

पेडल गाडीतून काढले आणि वखर-वेल्डर दादांची पद्धत वाचून दाखवून आमच्या वेल्डरकडून कड भरून घेतली. तुकड्या-तुकड्याने टाके मारणे त्याला सुरुवातीला वेळखाऊ वाटले, पण पाटी अजिबात वाकली नाही हे पाहिल्यावर त्याला पद्धत पटली. कानस मात्र मी स्वतः चालवली, घाई न करता, दर थोड्या वेळाने कॅलिपरने क्लचच्या पाटीशी ताडून पाहत. खालच्या उजव्या कोपऱ्याला मूळ आकार देणे हे सर्वांत चिकाटीचे काम होते. तो कोपरा बरोबर गोल झाला नाही तर रबराचा कोपरा तिथे पोकळ राहतो आणि दाबल्यावर बोटाला कळतो.

नंतर पाटीवर गंजरोधक प्रायमरचा एकच पातळ हात दिला आणि तो दोन दिवस वाळू दिला. रबर गरम पाण्यात, म्हणजे हात घालता येईल इतक्या गरम पाण्यात, काही मिनिटे ठेवले. कडेच्या आतून सर्जिकल स्पिरिट पुसले आणि आधी डावी बाजू, मग वरची कड, मग खालची, आणि शेवटी उजवी कड लाकडी चमच्याच्या दांड्याने चढवली. स्पिरिटने रबर चढताना घसरले आणि काही मिनिटांत स्पिरिट उडून गेल्यावर ते जागच्या जागी घट्ट झाले. स्क्रूड्रायव्हर वापरला नाही, कारण त्याच्या टोकाने कड चिरते.

आता दोन्ही अंगठ्यांनी उजवी कड बाहेर ढकलली तरी ती निसटत नाही. चिकटद्रव्य अजिबात लावलेले नाही. घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर कोरड्या आणि मुद्दाम ओल्या केलेल्या बुटांनी ब्रेक दाबून पाहिला, रबर जागचे हललेले नाही.

जुना गिअर

उत्तम. माझ्या फियाटची पाटीही आता एकदा उघडून मोजावी असे वाटू लागले आहे. एक शंका आहे. पाटीला पावडर कोटिंग करून घेतले असते तर गंजाचा प्रश्न कायमचा मिटला नसता का?

निवृत्त फोरमन

पावडर कोटिंग चांगले असते, पण त्याचा थर प्रायमरच्या एका हातापेक्षा बराच जाड होतो आणि कडांवर तो आणखी फुगतो. ज्याची पाटी मूळ मापावर आहे त्याने पावडर कोटिंग केले तर रबर चढताना फाटण्याची शक्यता असते. ज्याची पाटी अगदी किंचित झिजली आहे त्याला मात्र तेवढ्या थरानेच काम भागू शकते आणि वेल्डिंग वाचते. त्यामुळे तुम्ही मोजून मग ठरवा.

वावरवाले भाऊ, काम स्वच्छ झाले आहे. एवढे करा की पावसाळ्यात महिन्यातून एकदा रबराची खालची कड अंगठ्याने उचलून आतली माती पाण्याने धुऊन काढा. साबणाचे पाणी चालेल, डिझेलने मात्र धुऊ नका. पेडल काढलेच होते तर दांड्याचे बुश आणि परत ओढणारी स्प्रिंग पाहिली का? पेडल बसवल्यावर मोकळी हालचाल, म्हणजे ब्रेक लागू लागण्याआधी पेडल जितके मोकळे दबते ती, तपासली नसेल तर तीही तपासून घ्या.

वावरवाला

बुश पाहिले, चांगले आहे. स्प्रिंगचा आकडा मात्र झिजून अर्धा झाला होता, तो बदलला. मोकळी हालचाल आमच्या मेकॅनिककडून तपासून घेतली आणि ती थोडी कमी होती म्हणून त्याने पुशरॉडवर नीट लावून दिली. मोकळी हालचाल अजिबात नसेल तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीत आणि ड्रम तापतात, असे त्याने सांगितले.

क्लचचे रबर सध्या ठीक आहे, पण त्याच्या पाटीच्या डाव्या कडेवर गंजाचे ठिपके दिसले. दिवाळीनंतर तीही उघडून घासणार आणि प्रायमर देणार आहे. पुसदच्या पाहुण्यांना पुठ्ठ्याचे माप हवे असेल तर क्लचच्या पाटीची छाप काढून ठेवली आहे, कळवावे.

पुसदचा पाहुणा

जरूर हवे आहे. माझ्या ओळखीत आणखी दोघांकडे मार्क २ आणि मार्क ३ आहेत. त्यांच्या पाट्यांची मापे तुमच्याशी जुळली तर रबर-रसायन यांनी सांगितल्याप्रमाणे एकत्र साचा काढण्याचा विचार करता येईल. मी येत्या रविवारी त्यांच्या पाट्या मोजून इथेच लिहितो.